पाठवणीचा धवला

जांभूळ गावच्या बाळाजीला भांडखोर म्हणणारा माणूस चार वर्षांपूर्वी शोधूनही सापडला नसता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत सत्तावीस वर्षं ऑपरेटर, तिन्ही पाळ्या केल्या, पण साहेबाशी कधी वर तोंड करून बोलला नाही. शेअर रिक्षात चौथं गिऱ्हाईक म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडावर बसायचा आणि तशातही वर ड्रायव्हरच्या पोराबाळांची चौकशी करायचा. असला गरीब गाय माणूस. पण हातात मोबाईल आला आणि गरीब गाईला शिंगं फुटली, ती कशी ते सांगतो.

त्याची आई वारली तेव्हा तो पन्नाशीला आला होता. कंपनीत लागला त्या वर्षी देवदत्त नावाचा एक ऑफिसर त्याच्या बोलण्याला हसला होता, आणि त्या दिवसापासून बाळाजीने गावची आगरी बोली घराच्या उंबऱ्याआत ठेवली. घरातही हळूहळू ती फक्त आईपाशीच उरली. बायको सुनंदाशी अर्धी-अर्धी, मुलगी श्रद्धाशी शाळेतली मराठी, आणि श्रद्धा तिच्या मैत्रिणींशी हिंदी. तेरावं झालं आणि त्याच्या ध्यानात आलं की आता सकाळी उठून 'कं गो आये' म्हणून हाक मारायला घरात कोणी नाही. रडू आलं नाही. दोन महिने तसेच गेले. मग त्याने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'आपली बोली, आपला मान'.

ग्रुपवर बदलापूर, अंबरनाथ, म्हारळ, शहाड इकडची दोनशेच्या वर माणसं जमली. रोज एक शब्द टाकायचा, बाकीच्यांनी आपल्या गावात त्याला काय म्हणतात ते सांगायचं. यात सगळ्यात पुढे असे तो म्हारळचा महिपती. उल्हासनगरात कॅम्प चारला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दिवसभर सिंधी गिऱ्हाइकांशी 'साईं, कल आना' करायचा, घरी नातवंडांशी हिंदी बोलायचा, आणि दुपारी डबा खाल्ला की बाळाजीला अस्सल बोलीत दहा-दहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवायचा. बाळाजी ते पाळी सुटल्यावर रिक्षात कानाला लावून ऐकायचा आणि एकटाच हसायचा. इतक्या वर्षांत त्याला असा दोस्त मिळाला नव्हता.

शब्दांवरून दोघांचं मन धवल्यांकडे वळलं. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी मान धवलारणीचा. हळद लावण्यापासून नवरी वाटेला लावेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं, तो धवला. पंचक्रोशीत सगळे धवले येणारी एकच उरली होती, जांभूळची कौसाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात चार दात, आणि आवाज असा की मांडवाबाहेर जेवणावळीच्या पंगतीत बसलेला माणूस घास थांबवायचा. या दोघांनी तिला विनवलं, घरी बसून गा, आम्ही रेकॉर्ड करतो. तिने साफ नाही म्हटलं. धवला मांडवाखालीच म्हणायचा, ज्याचं लग्न त्याच्यासमोर. उगाच घरात म्हटला तर घराला लागतो.

मग काय, हे दोघे तिच्या मागोमाग लग्नं हिंडले. दोन हंगाम. बाळाजी पाळ्या बदलून घ्यायचा, महिपती दुकान लवकर बंद करायचा आणि स्कूटरवरून यायचा. कौसाबाईच्या तोंडापासून हातभर अंतरावर एक या बाजूला, एक त्या बाजूला, दोन मोबाईल धरून उभे. हळदीचे, चुलीचे, मांडवाचे, मंगलाष्टकांआधीचे, सगळे धवले मिळाले. राहिला एकच, शेवटचा, पाठवणीचा. नवरी माहेरच्या एकेका वस्तूचा निरोप घेते असा तो लांबलचक धवला होता, आणि दर वेळी नेमका त्याच वेळी बँड सुरू व्हायचा, नाहीतर फटाक्यांची माळ लागायची. पुन्हा म्हण म्हटलं तर कौसाबाई डोळे वटारायची. "पोर निंगाली, गानं संपलं. आता कोनासाठी बोलू?"

शेवटी महिपतीनेच तोड काढली. माघात त्याच्या मुलीचं, किर्तीचं लग्न होतं. पाठवणीला बँड नाही, फटाके नाहीत, कौसाबाई एकटी गाईल. बाळाजीने कंपनीत तीन महिने आधी रजा टाकून ठेवली.

आणि दिवाळीत त्याने विहिणीचं एक गाणं ग्रुपवर टाकलं.

महिपतीची थोरली बहीण राजाबाई, म्हारळातच दिलेली. तिच्या मुलाला, अभिजीतला, जांभूळची मुलगी केली होती, त्या लग्नातलं हे रेकॉर्डिंग. आमच्याकडे विहिणीला गाण्यातून झोडपण्याची रीत आहे. धवलारीण वरमाईचं नाव घेऊन ती किती खाते, किती मिरवते ते गाते, आणि जिचं नाव निघालं नाही ती विहीण उलट रुसते. कौसाबाईने राजाबाईला टोपभर भात आणि परातभर लाडू खायला लावले होते. राजाबाई हसून हसून खाली बसली होती आणि उठून तिनेच कौसाबाईला लुगडं नेसवलं होतं. बाळाजीला वाटलं, एवढं गोड गाणं, लोकांनी ऐकायलाच हवं. मांडवात राजाबाई होती, लुगडं होतं, हसू होतं. मोबाईलमध्ये नुसता आवाज गेला, आणि नाव.

चार दिवसांत ते कुठून कुठे फिरलं आणि अभिजीतच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचलं. कोणीतरी खाली लाडवांची चित्रं टाकून 'हावरी सासू' लिहिलं होतं. अभिजीत मामावर भडकला. मामाने, म्हणजे महिपतीने, ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "बाळाजी, ते काढ."

आता इथे फोन उचलून 'दादा, चुकलं, काढतो' म्हणायचं होतं. पण दोनशे माणसं बघत होती. दोनशे माणसं बघतायत म्हटल्यावर आपल्या बाळाजीला एकदम बोलीची काळजी वाटू लागली. त्याने लिहिलं, "आज हे काढलं तर उद्या सगळंच काढावं लागेल. मांडवात हसलात, आता लाज वाटते?" महिपतीने लिहिलं, "तुझी धवलारीण शिव्या देते आणि तू टाळ्या वाजवतोस." मग जांभूळचे धवले जुने की म्हारळचे, कोणाचा बाप कोणाच्या शेतावर राबला, कोण बाटलेला आगरी, इथपर्यंत गाडी गेली. एक सांगायला हवं. तीन वर्षांत त्या ग्रुपवर जेवढी अस्सल बोली लिहिली गेली नाही तेवढी त्या दोन दिवसांत लिहिली गेली. आज्यापणज्यांचे ठेवणीतले शब्द बाहेर पडले. कोणी ते उतरवून घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बाळाजीने महिपतीला ग्रुपमधून काढून टाकलं. ॲडमिन तो एकटाच होता. त्याच्या अंगठ्याला इतकं बळ आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि त्याने ते आपल्या एकुलत्या एका दोस्तावर वापरलं. महिपतीने साठ माणसं घेऊन 'खरी बोली' नावाचा वेगळा ग्रुप काढला. थोड्याच दिवसांत दोन्हीकडे गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ एवढंच उरलं. माघात किर्तीचं लग्न झालं. कौसाबाईला बोलावणं गेलं नाही. बाळाजीने घेतलेली रजा घरात पडून काढली.

वैशाखात श्रद्धाचं लग्न ठरलं. पोरीच्या सुखाचा आनंद होताच, पण खोटं कशाला बोला, पाठवणीचा धवला आता आपल्याच दारात मिळणार हेही त्याच्या मनात होतं. तो नारळ-सुपारी घेऊन कौसाबाईकडे गेला. तिने नारळ हातात घेतला नाही. 'शिव्या देते' हे तिच्या सुनेने तिला वाचून दाखवलं होतं.

"राजाबाय येनार हाय का तुझ्या मांडवात?" तिने विचारलं.

"तिचं काय, आये?"

"मी तिला तिच्या तोंडावर गायली, ती हसली. तू तिला मांडवाच्या भाईर गायलास. आता ती शिवी झाली रं, आनी शिवी माझ्या तोंडातली. तिला घेऊन ये. ती बसली तं मी गाईन. नायतं मना नको बोलवू."

बाळाजी घरी आला आणि मोबाईल घेऊन बसला. माफीचा मेसेज लिहायचा. लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. कधी 'दिलगीर आहे' बरं वाटायचं, कधी त्यात आपली बाजूही यायला हवी असं वाटायचं. अकरा दिवस हे चाललं. महिपतीचा फोटो उघडून बघायचा आणि बंद करायचा. शेवटी सुनंदाने त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"म्हारळ काय परदेशात हाय? रिक्षानं एक तासाचा रस्ता. पोरीचं लग्न हाय आनी तुम्ही अर्ज कसला लिहिताव?"

रविवारी सकाळी दोघं राजाबाईच्या दारात उभी राहिली. महिपतीलाही तिनेच बोलावून घेतलं. बाळाजीने तिच्या पायाला हात लावला आणि पाठ केलेलं सगळं विसरला. राजाबाईने आधी पाणी दिलं, मग दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"माझ्या नावानं सा महिने भांडलाव," ती म्हणाली, "पन मना एकानं तरी इचारलं? पोराच्या हापिसात हसले ते मना लागलं, व्हय. एक दिवस लागलं. मी फोन करून बालाजीला बोलनार होती, काढ रं ते. तवर महिपतीनं उडी घेतली. गान्याचा राग मना कवाच नव्हता. कौसाला सांग, मी येतंय. आनी या खेपेला लाडू कमी गा म्हनावं."

महिपती खाली मान घालून बसला होता. बाळाजी म्हणाला, "दादूस, मी तुला काढायला नको होतं." महिपती म्हणाला, "काढलं तरी मी परत आलो असतो. तू बोलवलं नाय." एवढंच झालं. पण परतताना रिक्षात बाळाजीचे डोळे भरून आले होते आणि सुनंदा मुद्दाम बाहेर बघत होती.

गावात शिरताना कौसाबाईच्या अंगणात माणसं दिसली. त्याच सकाळी ती तुळशीला पाणी घालताना पडली होती. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

आठवडाभराने तिला दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला माणसं कळतात, पण बोलणं येईल का सांगता येत नाही. आणि काहीही विचारलं तरी ती मान डोलावून होच म्हणेल, त्यावर जाऊ नका. अकरा दिवस, बाळाजी मनात म्हणत राहिला. अकरा दिवस. कोणाला सांगायचीही त्याला लाज वाटत होती.

लग्नाला तिला खुर्चीत बसवून आणलं. हळदीला, चुलीला, मांडवाला बायांनी रेकॉर्डिंग ऐकून ऐकून जमेल तसे धवले म्हटले. राजाबाई कौसाबाईचा निर्जीव हात मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली होती. सगळं नीट पार पडलं. मग पाठवणीची वेळ आली. बाळाजीने बँडवाल्यांना गप्प केलं होतं. फटाके नव्हते. श्रद्धा उंबऱ्यात उभी राहिली, आणि बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. कोणालाच पुढचं येत नव्हतं. इतकं शांत झालं की आतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

महिपती पुढे सरकला. "मला सुरुवात थोडी आठवते. आधी चुलीचा निरोप घेते, मग उंबऱ्याचा."

"नाही दादूस," बाळाजी म्हणाला. "आधी उंबरा. मी तीनदा ऐकलंय."

"मी पण तीनदाच ऐकलंय. चूल."

"अरे उंबरा!"

दोघेही थांबले. सगळ्या बाया बघत होत्या, श्रद्धा बघत होती. दोघे कौसाबाईच्या खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसले. महिपतीने विचारलं, "आये, आधी चूल ना?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने मान डोलावली. बाळाजीने विचारलं, "आधी उंबरा ना, आये?"

तिने तशीच मान डोलावली.