वरची मूठ

दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार, सकाळी साडेनऊ. हजर: थोरला भाऊ, कढईपाशी. धाकटा भाऊ, आदल्या दिवशी मेलबर्नहून उतरलेला. पाकिटं भरणाऱ्या मावशी. आणि मी. पॅकिंगच्या बाकीच्या दोघी सणाच्या सुट्टीवर होत्या, ते बरं झालं. कढईत तेल तापलेलं होतं.

आमचा चिवडा-फरसाणाचा धंदा आहे. दुकान शहरात, राजारामपुरीत; तळण्याची शेड गावाबाहेर. थोरला तळतो, मी कागदपत्रं बघते, आणि धाकटा तिकडे माल बंदरातून सोडवून भारतीय दुकानांना विकतो. तिकडचे नियम कडक. पाकिटावर जे छापलं तेच आत, आणि जे छापलं नाही ते कणभरही नाही. त्यासाठी परदेशी जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक घाण्याला मी अकरा मुद्द्यांची यादी केली होती. सातवा मुद्दा होता: शेंगदाण्याचं पोतं तळण-भरणाच्या खोलीबाहेर, दाराला कुलूप.

धाकट्यानं उभ्या-उभ्याच सांगितलं. तिकडे एका सात वर्षांच्या मुलीला शेंगदाणा चालत नव्हता. आई प्रत्येक पाकीट वाचून घेणारी. आमच्या पातळ पोह्यांच्या चिवड्यावर ‘शेंगदाणा नाही’ असं छापलेलं वाचून तिनं ते घेतलं. पोरीनं पाकीट स्वतःच फोडलं. दोन घासांत तिचा घसा सुजला, ओठ निळे पडले, श्वास थांबला. आईनं जवळ बाळगलेली औषधाची सुई मांडीत मारली, रुग्णवाहिका आली, घशात नळी घातली. पोरगी वाचली. तिथल्या अन्न खात्यानं आमची सगळी पाकिटं दुकानांतून उचलली आणि धाकट्याच्या गोदामाला सील ठोकलं. आता त्यांना लेखी हवं होतं: शेंगदाणा आत गेला कसा, कुणाच्या हातून, आणि तुम्ही काय सुधारलंत. उत्तर पटलं नाही तर यापुढे त्याचा माल बंदरातच अडणार. बारा वर्षं तो दुसरं काहीच करत नव्हता.

“आमच्याकडनं जाणारच न्हाय,” थोरला म्हणाला. “तुज्या गोदामात उंदरं नाचत असतील, तिकडं बघ.”

धाकट्यानं बॅगेतून त्याच घाण्याचं एक बंद पाकीट काढलं, कात्रीनं कापलं आणि स्टीलच्या टेबलावरच्या ताटात उलटं केलं. आधी शेंगदाणे पडले. तळलेले, मिठाचे, सालासकट, मूठभर. मग चिवडा.

मावशी जवळ येऊन बघून म्हणाल्या, “त्ये मी घातल्यात की.”

आमच्या दुकानात वजन झालं की वर एक मूठ टाकतात. गिऱ्हाईक पिशवी तशीच धरून उभं राहतं, मूठ पडली की पिशवीचं तोंड मिटतं. मावशींना ही सवय आमच्या वडिलांनी लावलेली. मी त्यांना ‘शेंगदाणा नको’ एवढंच सांगितलं होतं. का नको, ते सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, आम्ही हात आखडतोय. दुकानासाठी तळलेल्या शेंगदाण्यांचं पोतं कोपऱ्यातच होतं. त्यांनी पाकीट भरलं, वर मूठ टाकली, तोंड सील केलं. असं पोत्याचा तळ लागेपर्यंत. वजन थोडं जास्त भरलं म्हणून कुणी हरकत घेत नाही, त्यामुळे ते कुणी पाहिलंही नाही.

“एवढ्या लांब पावण्यांच्या घरात जातंय,” त्या म्हणाल्या, “नुसतं पोहं कसं द्यायचं? लाज—”

तेवढ्यात थोरल्याचा झारा तेलातून वर आला होता. मावशींनी हात आडवा धरला. झारा सपाट बसला, दंडाच्या खाली. तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज झाला. झारा उचलला तेव्हा कातडं त्याच्याबरोबर उचललं गेलं. त्या ओरडल्या नाहीत, खाली बसल्या. दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसरा टेबलावर आपटला, कारण धाकट्यानं थोरल्याची कॉलर मागून ओढली होती.

धाकट्यानं त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोनदा. पुढचे दोन दात ताटातल्या चिवड्यात पडले. थोरल्यानं हाताला लागेल ते घेतलं, ते सील करायचं यंत्र होतं, वायरीसकट. धाकट्याची भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं, तसा तो आंधळ्यासारखा गुद्दे घालत राहिला. थोरल्याचं वजन जास्त. त्यानं धाकट्याचा गळा धरला, रेटत भट्टीपर्यंत नेला आणि त्याचं डोकं कढईवर मागे वाकवायला लागला.

“परदेशाची ऐट मला दावतोस व्हय? माज्या शेडीत?” दातांच्या जागी रक्त होतं, त्यामुळे शब्द नीट निघत नव्हते.

मी सिलिंडर बंद केला. पण गॅस बंद केला म्हणून तेल लगेच निवत नाही. धाकट्याच्या मानेवरचे केस करपल्याचा वास आला. ओढून थोरला हलणार नव्हता. मी म्हणाले, “दादा, सोड त्याला. यादीवर सही माझी हाय.”

खरंच होती. तो घाणा भरला त्या दिवशी माल न्यायला आलेला ट्रक फाटकात हॉर्न वाजवत होता. मी ऑफिसात खुर्चीवर बसून अकराच्या अकरा खुणा केल्या आणि सही ठोकली. खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं असतं तर पोतं दिसलं असतं.

थोरल्याच्या हातातून गळा सुटला. तो वळला आणि त्यानं मला कानफटात मारली. मी पडले तशी बरगडीत एक लाथ बसली. मग तो बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभा राहिला. त्यानंतर कुणी कुणावर हात उचलला नाही.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात आम्ही तेल सांडलं असं सांगितलं. डॉक्टरांनी मावशींच्या हातावरची झाऱ्याच्या भोकांची गोल नक्षी पाहिली, धाकट्याची भुवई पाहिली, थोरल्याचं तोंड पाहिलं आणि विचारलं, “हे एकच तेल सगळ्यांवर सांडलं का?” मी केसपेपर पुढे केला. त्यांनी औषधं लिहून दिली.

दुपारी मी टेबल पुसलं, चिवडा आणि दात दोन्ही फेकले, आणि त्याच टेबलावर आम्ही उत्तर लिहायला बसलो. मी माझं नाव लिहिणार होते. धाकट्यानं पेनावर हात ठेवला. डोक्याला पट्टी, आवाज बसलेला. त्याचं म्हणणं असं: कामगाराची चूक ते समजून घेतील, पण तपासणाऱ्या बाईचीच सही खोटी निघाली तर आजवरच्या सगळ्या याद्या खोट्या ठरतात. “ताई, तुझं नाव गेलं की माझा धंदा संपला.”

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांधलेला.

“माजंच लिवा की,” त्या म्हणाल्या. “मी कुटं इमानात बसून तकडं जाणार हाय?”

मी लिहिलं. कारण: कामगारानं सूचना मोडून स्वतःच्या मर्जीनं शेंगदाणा घातला. सुधारणा: संबंधित कामगारास कामावरून कमी केले. खाली मावशींचं पूर्ण नाव, आणि सगळ्यांत खाली, तपासलं म्हणून, माझी सही. तिकडच्या लोकांना उत्तर पटलं. जुना माल त्यांनी जाळला, नवा सोडला. कागद खरा ठरावा म्हणून मावशींना खरंच घरी पाठवावं लागलं. त्या गारगोटीला लेकीकडे गेल्या.

धाकटा परत गेला. त्याला थोरल्याशी काम असलं की तो मला फोन करतो, मी शेडीत जाऊन सांगते, थोरला कढईकडे बघत ऐकतो. नवे दात बसवल्यापासून तो कमी बोलतो. शेंगदाण्याला वेगळी खोली बांधली आहे. सातवा मुद्दा आता मी स्वतः जाऊन बघते आणि कुलूप ओढून बघते. दुकानातली वरची मूठ मी बंद केली. गिऱ्हाइकं अजून पिशवी धरून थोडा वेळ उभी राहतात.

मावशींचा जेवणाचा स्टीलचा डबा शेडीतल्या फळीवर राहिला होता. मी तो घासून कापडात बांधून ठेवला. जानेवारीत एकदा घेऊन निघालेही. वाटेत बिद्रीला साखर कारखान्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, वीस मिनिटं गाडी हलली नाही, आणि मी तेवढ्यावर गाडी वळवून परत आले. रांगेपुढे रस्ता मोकळा होता, ते मला वळताना दिसलं होतं.

दर सोमवारी मी नवी यादी करते आणि जुन्या यादीतलं राहिलेलं काम आधी उतरवून घेते. या सोमवारीही पहिल्या ओळीत तेच आहे: डबा, गारगोटी.