मामाजींची दाढी

लखनौला येऊन मी दोनच कला शिकले: भाजीवाल्याशी हिंदीत भांडणं आणि वस्तऱ्यानं सासऱ्यांची दाढी करणं.

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, वर्ध्याचे निवृत्त हेडमास्तर. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आमच्याकडे इंदिरा नगरला राहायला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात न्हाणीघरात घसरले. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. बुद्ध पौर्णिमेला कॉलनीतल्या मराठी मंडळींपुढे त्यांचं भाषण होतं, आणि गालांवर पांढरे खुंट उगवत होते.

"न्हाव्याला बोलावतो," आमचे हे म्हणाले.

"त्याचा वस्तरा साऱ्या मोहल्ल्याच्या गालांवरून फिरतो. नको," मामाजी म्हणाले.

"मग माझं सेफ्टी रेझर घ्या."

"त्यानं दाढी होत नाही. खरवडली जाते."

शेवटी यांनीच मामाजींचा वस्तरा उघडला. हात असा थरथरला, की मामाजी शांतपणे म्हणाले, "ठेव खाली. मले पौर्णिमा पाहायची आहे."

"मी करते," मी म्हणाले. (का म्हणाले, ते मला आजही कळलेलं नाही.)

मामाजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पोळ्या पातळ लाटते. हात हलका आहे. चालेल."

शिक्षण फुग्यापासून सुरू झालं. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्यानं उतरवायचा. पहिला फुगा फुटला तेव्हा फेस माझ्या चष्म्यावर, यांच्या पेपरवर आणि छताच्या पंख्यावर गेला. चार-पाच फुगे गेल्यावर वरच्या मजल्यावरचे शुक्लाजी धावत आले.

"भाभी, सब ख़ैरियत?"

"बहू हमारी दाढ़ी बनाना सीख रही है," मामाजींनी सांगितलं.

शुक्लाजींनी रबराच्या चिंध्यांकडे पाहिलं, मग मामाजींच्या गळ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भेट होणार नसल्यासारखा त्यांना वाकून नमस्कार केला.

फुगे जमू लागल्यावर माणूस हवा होता. घरात एकच उरला होता. यांचे दोन्ही गाल मी सुरेख केले आणि त्या आनंदात अर्धी मिशी उडवली. उरलेली अर्धी त्यांनी स्वतःच काढली.

लखनौत माणूस एकदम मिशी उतरवतो तो बहुधा वडील गेल्यावर. यांच्या ऑफिसात कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र चार सहकारी पडलेल्या चेहऱ्यानं दारात उभे राहिले. दार मामाजींनी उघडलं.

"बाबूजी का सुनकर बहुत दुख हुआ," पहिला म्हणाला.

"हाथ ही तो टूटा है," मामाजी म्हणाले. "आइए, चाय पीजिए."

पौर्णिमेची सकाळ उजाडली. मामाजी खिडकीपाशी खुर्चीत बसले. मी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजला, फेस लावला. उजवा गाल झाला, डावा झाला. मग त्यांनी मान वर केली, आणि समोर त्यांचा गळा पाहून माझा हात हवेतच राहिला.

"काहून थांबली?"

"श्वास घेतेय."

"तू घे. मी रोखून धरतो."

पाती त्वचेला टेकवली आणि अलगद वर नेली. खर्र, खर्र. फेसाखालून गुळगुळीत गळा निघत गेला. रक्ताचा एक थेंब नाही. तुरटी फिरवल्यावर त्यांनी डाव्या हातानं हनुवटी चाचपली, पुन्हा चाचपली.

"माझ्यापेक्षा चांगली झाली. कोणाला सांगू नको."

आणि संध्याकाळी भाषणाच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी स्वतःच सांगितलं. टाळ्या पडल्या. शुक्लाजी पुढे येऊन मामाजींचा गळा जवळून बघून गेले. बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी सभागृहात चालत नव्हते, तरंगत होते.

त्याच तोऱ्यात मी पाहुण्यांच्या सरबतासाठी लिंबू चिरायला घेतलं आणि पहिल्याच फटक्यात अंगठा कापला. आता दाढी करताना लागलं म्हणावं, तर दिवसाची कीर्ती बुडते. खरं सांगावं, तर सुगरणपण जातं. मी हात पदरात गुंडाळून रात्रीपर्यंत डाव्या हातानं सरबत वाटलं. ज्याला दाढीसुद्धा नव्हती, अशा लिंबानं माझं रक्त काढलं होतं.