शेवटचा सूर कोणी धरला

पुण्यात मी अकरा वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. डब्लिनला आल्यावर एका फिरत्या ऑपेरा-बॅले कंपनीत कार्यक्रमपुस्तिका तयार करायचं काम मिळालं. कलाकारांचे परिचय त्यांचे एजंट पाठवतात, मी ते दीडशे शब्दांवर आणते. वाद्यवृंदाचं संचालन करणाऱ्या आमच्या कंडक्टरचा परिचय सहाशे शब्दांचा यायचा. कोणत्या राजधानीत कोणता ऑपेरा, कोणाच्या उपस्थितीत कोणता बॅले. कापताना लक्षात आलं, निम्म्या ठिकाणी हे गृहस्थ दुसरा कोणी आजारी पडला म्हणून उभे राहिले होते.

त्या हिवाळ्यात बॅले होता. पहिले पाच आठवडे तालमीला वाद्यवृंद नसतो. एक पियानोवादक सगळं संगीत वाजवते आणि नर्तक त्यावर पाय बसवतात. आमची पियानोवादक कॉर्क शहरातली, चाळिशीतली. प्रमुख नर्तकी उडी घेतल्यावर किती वेळ हवेत राहते, ते हिच्या बोटांना माहीत होतं. वाद्यवृंदाच्या पहिल्या दोन तालमीही हिनेच घेतल्या, कारण कंडक्टर शेवटच्या आठवड्यात उगवणार होते. शेवटच्या उडीला पाय टेकेपर्यंत सूर सोडायचा नाही, हे तिने वादकांकडून घोटून घेतलं.

बदल्यात कॉर्कचा दुपारचा एक प्रयोग तिला कंडक्ट करायला मिळणार होता. परदेशातल्या एका नाट्यगृहात तिने सहायक कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला होता. स्वतःच्या नावावर एक तरी पूर्ण प्रयोग हवा, अशी तिथली अट होती.

कंडक्टर आले. तालमीभर मान स्वरलिपीत. रंगमंचाकडे एकदाही पाहिलं नाही.

"सर, इतक्या वेगात मी खाली पोचत नाही," नर्तकी म्हणाली.

"मग उडी कमी उंच घ्या."

"गुरुत्वाकर्षणाला तसं कळवते हं," पियानोवादक माझ्या कानाशी पुटपुटली.

मग समजलं की कॉर्कच्या प्रयोगाला एका मोठ्या वृत्तपत्राचा समीक्षक येणार आहे. दुसऱ्याच दिवशी कंडक्टरांनी तो प्रयोग स्वतःकडे घेतला. मला कार्यालयातून निरोप आला: पियानोवादकाच्या परिचयातली कॉर्कच्या प्रयोगाची शेवटची ओळ काढा. कारण विचारलं तर जागा नव्हती म्हणा.

मी काढली. दोन मिनिटं लागली. तिने प्रूफ पाहिलं.

"जागा नव्हती," मी म्हणाले.

"सफाईने कापतेस गं," ती म्हणाली आणि तालमीला गेली.

माझा नवरा कॉर्कला एका औषध कारखान्यात आहे. प्रयोगाला तो माझ्या शेजारी बसला होता. अर्ध्या तासाने कुजबुजला, "अगं, हा हात हलवतोय, पण त्याच्याकडे बघतंय कोण?"

कोणीच नाही. वादकांची नजर पहिल्या व्हायोलिनच्या गजावर होती. शेवटची उडी आली. कंडक्टरांनी सूर तोडून छडी खाली आणली. नर्तकी अजून हवेत होती. सूर थांबला नाही. तिचे पाय टेकेपर्यंत वादकांनी तो धरून ठेवला. त्या दुपारी पहिल्यांदाच कंडक्टरांनी वर पाहिलं, काय चाललंय ते त्यांना कळलं आणि सूर आपल्याच बोटांना टांगलेला असावा तसा त्यांनी डावा हात उचलला. टाळ्यांना सर्वांत आधी तेच वाकले.

समीक्षकाने नेमक्या त्या सुराचं कौतुक केलं. कंडक्टरांचा संयम त्याला विलक्षण वाटला.

पियानोवादकाचा अर्ज फेटाळला गेला. तिच्या नावावर एकही पूर्ण प्रयोग नव्हता. आता ती डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या एका शाळेत मुलांना पियानो शिकवते.

पुढच्या हंगामात कंडक्टरांचा परिचय आला. सातशे शब्द, आणि सर्वांत वर समीक्षकाचं ते वाक्य. मी तेच आधी कापलं. एजंटचा फोन आला.

"ते वाक्य कुठे गेलं?"

"जागा नव्हती," मी म्हणाले.

छापून आलेल्या पानावर सहा ओळी कोऱ्या होत्या.