जाळी कोण बदलतं

माझी आत्या कुणावरही चटकन विश्वास ठेवायची नाही. दुधाचं माप ती घरच्या भांड्यात ओतून पुन्हा बघायची. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी हीच ना, हे औषधवाल्याला दोनदा विचारायची. लहानपणी मी तिला एक फूल नेऊन दिलं, तर हात पुढे करायच्या आधी तिने विचारलं, कुणाच्या बागेतलं? माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणायचे, हिच्या सावलीनंसुद्धा जरा अंतर ठेवूनच चालावं.

याला कारण होतं. तरुणपणी ती एका कारखान्यात हाताने नक्षी काढायची. शेजारच्या टेबलावरच्या जिवलग मैत्रिणीने तिची चित्रं स्वतःच्या नावावर खपवली आणि वरची जागा मिळवली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आत्या पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

पुढे ती एका वर्कशॉपमध्ये लागली. तिथे लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, गॅलरीचे कठडे बनत. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांची खोली, मागे पत्र्याखाली कापायचं मशीन आणि वेल्डिंगचा धूर, मधे काचेची केबिन. केबिनमध्ये कॉम्प्युटर एकच. सकाळी त्यावर आत्या बसायची, दुपारी मेव्हणे. मेव्हणे म्हणजे मालकिणीचे भाऊ. मालकाचे ते मेव्हणे, म्हणून वेल्डरपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांचेच मेव्हणे झाले होते. माणूस उंच, अबोल, कपड्यांना कायम इस्त्री. आत्याच्या मते एवढा अबोल माणूस एक तर साधू असतो, नाही तर कान भरणारा, आणि साधू काही वर्कशॉपमध्ये नोकरी करत नाहीत.

काम रेघांनी चित्र काढायच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. त्यात पडद्यावर मागे चौकटींच्या वहीसारखी जाळी दिसते. ती लोखंडात उतरत नाही. काढणाऱ्याच्या हाताला आधार म्हणून असते. गज ओढत नेला की जवळच्या रेघेला जाऊन चिकटतो, म्हणजे सगळे गज सारख्या अंतरावर बसतात. आत्याला ही जाळी बारीक आणि राखाडी लागायची, दर दहावी रेघ तेवढी किंचित गडद. झूमचंही तिचं एक तंत्र होतं. स्टीलची पट्टी पडद्याला लावायची आणि पडद्यावरचा सेंटिमीटर पट्टीवरच्या सेंटिमीटरशी जुळेपर्यंत सेटिंग सरकवत राहायचं. मग शंभर टक्के म्हणजे खरंच शंभर टक्के. पडद्यावरही तिचा विश्वास नव्हता, हे ओघानं आलंच.

एका सकाळी तिने कॉम्प्युटर लावला, तर जाळी लालभडक. रेघा जाड, आणि चित्र इतकं जवळ आलेलं की अख्ख्या फाटकाचा एक कोपराच पडद्यावर मावत होता. तिने सगळं जागच्या जागी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने पुन्हा नीट केलं, दुपारी पुन्हा बदललं गेलं. दोघांची गाठ जिन्यात पडायची, ही उतरताना आणि ते चढताना. ते मान हलवायचे, ही हलवायची, आणि जाळीबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. आपण विचारलं की हा सावध होईल, असा आत्याचा हिशेब.

मग कठड्याचं प्रकरण झालं. एका घराच्या गॅलरीचा कठडा आत्याने अर्धा काढून ठेवला होता. मधल्या दुपारी मेव्हण्यांनी ती फाईल उघडली, चौकटी मोठ्या करून मापं बघितली आणि मिटली. सकाळी आत्याने उरलेले गज चौकटी मोजून बसवले. रंग आणि झूम तिने सवयीने आधी नीट केले होते, पण या वेळी चौकटीचं मापही बदललंय हे तिच्या ध्यानात आलं नाही. कठडा कापला, जोडला, बसवला आणि मग घरमालकाच्या लक्षात आलं की एका बाजूच्या गजांमधून लहान मुलाचं डोकं आरपार जातंय. कठडा परत आला. मालकाने आत्याला केबिनमध्ये उभं करून विचारलं की बाई, लक्ष कुठे होतं?

मालकाच्या मेव्हण्याबद्दल मालकापुढे काय बोलणार? पण तिच्या मनात चित्र पुरं झालं. याला माझी चूक घडवून आणायची आहे. मी गेले की सकाळही याची आणि दुपारही याचीच.

तिने सापळा लावला. निघण्यापूर्वी जाळीचा रंग इतका फिकट केला की पांढऱ्या कागदावर पाणी सांडून वाळल्यावर राहतो तेवढाच डाग दिसावा. आणि झूम पार बाहेर नेऊन ठेवला. पाहू या काय करतोय.

दुसऱ्या दिवशी जाळी लाल झालेली नव्हती. होती तशीच फिकट होती. मात्र मशीनपाशी फाटकाची एक अख्खी झडप वाया गेलेली पडली होती. नक्षीतल्या वेलीची पानं चौकटीला टेकायची सोडून मधेच लोंबकळत होती. वेल्डरने सांगितलं की मालक काल मेव्हण्यांवर खूप तापले, पण त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं; जाळी कुणी बदलली, फिकट केली, यातलं काहीसुद्धा बोलले नाहीत.

आत्याला आनंद व्हायला हवा होता. उलट तिचा संशय दुप्पट झाला. ज्याच्याकडे बोट दाखवायला जागा आहे तो माणूस गप्प का बसेल? याच्या पोटात काहीतरी मोठं आहे.

त्या दिवशी तिने जाळी फिकटच सोडली आणि ती घरी गेली नाही. गिऱ्हाइकांच्या खोलीत नमुन्यांचे फोटो लावायचं निमित्त काढून बसली. तिथून काचेतून केबिन दिसायची. मेव्हणे आले, खुर्चीवर बसले आणि इकडेतिकडे बघून त्यांनी दार लोटलं. मग खुर्ची पुढे ओढून तोंड पडद्याजवळ नेलं, इतकं की नाक काचेला लागेल. एक डोळा मिटला, मान तिरकी केली. एका बोटाने ते पडद्यावर रेघ शोधू लागले. सापडेना. बोट परत मागे आणलं, पुन्हा सुरुवात केली.

आत्याने दार उघडलं. ते दचकून मागे सरले आणि उगाच चष्मा पुसायला लागले.

"हे किती दिवस चाललंय?" तिने विचारलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तुम्हाला माहीतच आहे की. म्हणून तर काल रेघा पुसट केल्यात. मला उघडं पाडायचं होतं ना? परत लाल केली असती तर तुमची खात्रीच पटली असती, म्हणून हात लावला नाही."

आत्या जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेत आली होती, पण कुणी तिच्यावर तो इतका नीट बेतून घेतला नव्हता. मेव्हण्यांची अख्खी गोष्ट तयार होती: बाईंनी त्यांचे डोळे चाललेत हे ओळखलं, म्हणून त्या रोज जाळी बारीक करून ठेवतात, त्यांना कामावरून घालवायला. आणि या गोष्टीतली एकेक घटना खरी होती.

तिने लगेच मान्य केलं नाही. तीच ती. पुढ्यातल्या कॅटलॉगचं पान धरून तिने त्यांना ओळ वाचायला लावली. त्यांनी मथळा वाचला, खालचं काहीच वाचता येईना. मग ती समोरच्या स्टुलावर बसली. उजवा डोळा जवळजवळ गेलाय, डाव्यातही मधोमध डाग आहे, ऑपरेशनने सुधारणारं नाही, असं त्यांनी सांगितलं. बहिणीला कळलं तर ती रडून घर डोक्यावर घेईल, आणि मेव्हणा म्हणून आयतं बसून खायचं नाही, म्हणून लपवलं.

आत्या म्हणाली, "जाळी मी तुम्हाला वेगळी करून देते, लाल आणि जाड. एका फाईलमध्ये दोन जाळ्या ठेवता येतात, हवी ती दाखवायची. पण कठडा मी विसरणार नाही. त्यातून पोर पडलं असतं तर? मालकाला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही आणि मी लपवणारही नाही."

त्यांनी मालकाला सांगितलं, पण इतरांना कळू नये असं वचन घेऊन. मालकाने त्यांना पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं आणि कॉम्प्युटर पूर्णवेळ आत्याकडे आला. वर्कशॉपमध्ये याचा एकच अर्थ निघाला: बाईंनी मेव्हण्यांचा काटा काढला. वेल्डर बोलेनासा झाला. रखवालदार तिला बघून उठायचा, तो उठेना. तिच्या डब्याशेजारची जागा रिकामी राहू लागली. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. आत्या ते वाक्य बोलली नाही. केबिनमध्ये एकटी जेवायची.

मेव्हण्यांना हे उशिरा कळलं, कारण रिकामी जागा त्यांना दिसत नव्हती. कळलं त्या दिवशी ते भिंतीचा आधार घेत मागे मशीनपाशी गेले, मशीन बंद करायला लावलं आणि सगळ्यांना आपल्या डोळ्यांचं सांगून टाकलं. वेल्डरने दुसऱ्या दिवशी आपला डबा केबिनमध्ये नेऊन उघडला. आत्याने विचारलं, "आज काय काम काढलंस?"

हे मला मेव्हण्यांनीच सांगितलं. मी घर बांधलं तेव्हा खिडकीच्या जाळीसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. आत्या तेव्हा निवृत्त झाली होती आणि तिने या सगळ्यातलं अक्षरही आमच्याकडे काढलं नव्हतं. मी थेट तिच्या घरी गेलो आणि हे खरं का, म्हणून विचारलं.

"त्याचं निम्मं खरं धर," ती म्हणाली. "आणि खिडकीचं माप कुणी घेतलं?"

मेव्हण्यांच्या माणसाने घेतलं, असं मी सांगितलं. तिने कपाटातून टेप काढला, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर निघाली. माप बरोबर होतं. तिने ते दुसऱ्या बाजूनेही घेऊन पाहिलं.