आत कोनी हाये

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत वाचून हसत आलोय, हे आधीच सांगतो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे भूतबित नसतं, कोणाची तरी गफलत असते... आणि ती कोणाची हे हुडकून काढायची मला वाईट खोड आहे.

मी किन्हीराजाला घरूनच काम करतो. वाशीमजवळच्या एका डाळमिलचा कंट्रोल प्रोग्रॅम मी आणि पुण्याचा आशुतोष मिळून सांभाळतो. त्या सकाळी नव्या प्रोग्रॅमसाठी मिल बंद ठेवली होती. तो मी घरूनच चढवतो, आणि चढला की कोठीच्या तळाचा स्क्रू — धान्य पुढे ढकलणारं लोखंडी मळसूत्र — चाचणीसाठी आपोआप फिरतो.

लिनक्सवर मेक ही कमांड दिली; लिहिलेल्या फायली जोडून ती चालणारा प्रोग्रॅम बनवते, त्यालाच आम्ही बिल्ड म्हणतो. आधी वॉर्निंग आली, एक फाईल सेव्ह झाल्याची वेळ भविष्यातली आहे. बघतो तर तारीख आजचीच, पण वेळ दुपारची! मागोमाग बिल्ड थांबलं. एरर त्याच फाईलमधली, आणि चक्क देवनागरीत — "आत कोनी हाये".

बिल्ड मुद्दाम अडवायला प्रोग्रॅमरला स्वतःची एरर लिहून ठेवता येते. म्हणजे आशुतोष! माझ्या न-ण वरून हा कायम चिडवतो. शिवाय हे काम एकट्याने गिळायचा त्याचा डाव मला कधीचा दिसत होता. डोकं सटकलं. फोन लावला.

"माह्या बोलीची टिंगल करून राह्यला काय बे?"

"अरे, मी लिहिलं असतं तर 'कोणी आहे' लिहिलं असतं. त्या फाईलला मी हातही लावलेला नाही."

उत्तर इतकं तयार होतं, की संशय आणखी वाढला. फाईल उघडली, तर ती ओळ तिथे नाहीच. सगळ्या फोल्डरांत शोधली, नाही. जुनं सगळं पुसून पुन्हा मेक... पुन्हा तीच एरर.

उशीर होईल हे सांगायला मिलच्या गजाननभाऊंना फोन केला. आमचे रामकृष्णकाका तिथेच फिटर आहेत. बोलताबोलता तोंडातून गेलं, "भाऊ, कोठीत कोनी हाये काय?"

"कोनी नाई ना बाप्पा. तू चढव लवकर."

"पाहून तर घ्या एकडाव."

पावलांचा आवाज... मग आरडाओरडा. "अबे, तुहे काका हायेत आत! काका, बाहेर या पयले!"

काका वर आले आणि फोनवर मलाच झापलं, "मिल बंद हाये म्हनून उतरलो ना! तूर अडकली होती. कायले बोंबलून राह्यला?"

एरर आली नसती तर मी तो स्क्रू कधीच फिरवला असता.

त्यानंतर बिल्ड एका झटक्यात झालं. वॉर्निंग तेवढी राहिली.

आशुतोषवरचा माझा संशय पूर्ण गेलाय असं नाही. पण त्या कॉम्प्युटरवर 'कोनी' असं लिहिणारा मी एकटाच आहे... आणि सकाळी मी काहीच लिहिलं नव्हतं. याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

दुपारी घड्याळात फाईलवरची ती वेळ आली, तेव्हा मी फाईल उघडली. "आत कोनी हाये" ही ओळ माझ्या हाताने लिहिली आणि सेव्ह केली. न लिहायची हिंमत झाली नाही... शेजारच्या खोलीत मिलवरून आलेले काका जेवत होते.