खव्याचे तुकडे जोडताना

भूमजवळच्या आमच्या गावात सकाळ वासांनी चढत जाते. आधी कच्च्या दुधाचा गवताळ वास, मग ओल्या लाकडाच्या धुराचा. आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत आटलेल्या दुधाचा गोडसर, किंचित करपट दरवळ घरभर साचून राहतो. आमच्या भट्टीवर खवा सासूबाई काढत. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि भट्टी धाकट्या जावेकडे आली. तोवर तिने लाकडं सारली होती, दूध गाळलं होतं. कढई केव्हा उतरवायची, हे मात्र कधीच ठरवलं नव्हतं. खवा बिघडला तर व्यापारी दुसऱ्या दाराकडे वळेल, हे आम्ही सगळ्याच जाणून होतो.

म्हणून सासूबाई सोलापूरला दवाखान्यात जाण्यापूर्वी मी त्यांची एक पूर्ण कढई मोबाईलवर टिपून घेतली. पण गुडघ्याची विचारपूस करणारे नातेवाईक माझ्याच मोबाईलवर फोन करत, आणि तो वाजला की चित्रण तुटे. मधला एक तुकडा तर जावेने तिच्या फोनवर घेतला.

"आक्का, हे असं न्हाय चालायचं," ती म्हणाली. "एक संपलं की दुसरं लावायला बोट लागतंय. उलथण्यावरचा हात काढला की दूध बुडाला धरतंय. सलग करून द्या."

मी संगणकावर एक मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. तुकडे एकाखाली एक मांडायचे आणि जोडायला सांगायचं, एवढंच काम. पहिल्या खेपेस त्याने तुकडे स्वतःच्याच क्रमाने लावले. पडद्यावर घट्ट खवा गोळा होत आला आणि पुढच्याच क्षणी पांढरंशुभ्र दूध उसळलं.

सासूबाई बाजेवर चहा पीत बघत होत्या. "खव्याचं दूध करतीस व्हय? मग म्हशी इकून टाकू."

क्रम सुधारला. दुसऱ्या खेपेस मध्येच चित्र थिजलं. आवाज मात्र चालूच राहिला. जावेच्या फोनवरचा तुकडा वेगळ्या मापाचा होता, हे नंतर कळलं. तेव्हा मी ते थांबवलं नाही. उलथणं हवेत स्थिर होतं आणि त्याखाली न दिसणारं दूध आटत होतं: आधी सळसळ, मग जाड बुडबुड्यांची संथ फुटफूट, शेवटी लोखंडावर लोखंड घासल्याची कोरडी खरखर. इतकी वर्षं त्या भट्टीपाशी वावरूनही हे आवाज मी असे सुटे ऐकले नव्हते.

सगळे तुकडे एका मापाचे करून घेतल्यावर ते जुळले. तरी प्रत्येक सांध्यावर दूध एकदम थोडं दाट होई. फोनवर गुडघ्याची खुशाली सांगण्यात गेलेलं ते आटणं कुठं शोधायचं, हे माझ्या मनात कितीतरी वेळ घोळत राहिलं.

सासूबाई दवाखान्यात गेल्या. जावेने मोबाईल कोनाड्यात उभा केला आणि कढई चढवली. मी बाजूला उभी राहिले. तिची आच मंद होती. शिवाय प्रत्येक सांध्यावर पडद्यातलं दूध पुढे उडी घेई. तिने लाकूड सारलं, पुन्हा मागे ओढलं. पडद्यातल्या सासूबाईंनी कढई उतरवली, तेव्हा हिचं दूध अजून सायीसारखं हलत होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"ते बंद करा, आक्का," ती म्हणाली. "आत्याबाईंचं झालं. माझं व्हायचंय अजून."

मी मोबाईल बंद केला. पुढे ती कढईवर वाकून राहिली, कपाळावरचा घाम खांद्याला पुसत. एकदा चिमूट उचलून तिने बोटांत गोळी वळली, ती चिकटली. थोड्या वेळाने दुसरी वळली. तिसरी वळून तिने माझ्या तळहातावर ठेवली. ऊन, रवाळ, सासूबाईंच्या खव्याहून जरा तांबूस. माझ्या मताची वाट न पाहता तिने कढई उतरवली.

व्यापाऱ्याच्या माणसाने खवा चिमटीत दाबला, नाकाशी नेला.

"आज उशीर केला, वहिनी," एवढंच म्हणून त्याने भांडं काट्यावर ठेवलं.