वीराच्या घोड्याचे हरभरे

मखमलाबाद नाक्याजवळच्या त्या गल्लीत आरोही दरेकर ओळखली जाते ती कायम घाईत असलेली मुलगी म्हणून. इतिहासात एम.ए. करते म्हटल्यावर लोकांना वाटतं, हिला काय काम आहे, जुन्या राजांच्या गोष्टी वाचायच्या आणि आरामात राहायचं. असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिचं टेबल बघून यावं. असाइनमेंटांचा ढीग, सेमिनारचे कागद, मोडीचा वर्ग, एका छोट्या संग्रहालयात इंटर्नशिप आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला शोधप्रबंध. सिग्नलला स्कूटी थांबली तरी हिच्या कानात कुणाचं ना कुणाचं लेक्चर चालूच. आई उज्वला म्हणते, "आमची आरू जेवतानाच काय ती गप्प असते, तेही तोंडात घास असतो म्हणून." पण खरं सांगायचं तर या धावपळीत पोरगी खूश होती. कुरकुर करायची ती केवळ आईने गरम पोळी वाढावी म्हणून.

प्रबंधाचा विषय तिला घरातच सापडला होता: वीर. नाशिककरांना वीर म्हणजे काय हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगायला हवं. मोहिमेवर गेलेल्या, तिकडेच पडलेल्या पूर्वजाचा चांदीचा छोटासा टाक, म्हणजे त्याची आकृती उठवलेला पत्रा, इथल्या कितीतरी घरांत देव्हाऱ्यात असतो. वर्षभर तो जागचा हलत नाही. धुळवडीच्या दिवशी मात्र त्याला खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल कापडात बांधायचं, वाजतगाजत, नाचवत गोदावरीवर न्यायचं, अंघोळ घालायची आणि घरी आणून पोटभर जेवू घालायचं. बहुतेक घरी वीराला पुरणपोळीचा नैवेद्य असतो. दरेकरांकडे त्याआधी भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी ठेवतात, मग पोळी. का, तर तशी रीत आहे.

या रीतीचे राखणदार म्हणजे आरोहीचे आजोबा, खंडेराव. सगळे त्यांना आबा म्हणतात. मूळ गाव विंचूर, पण त्यांचं सारं आयुष्य लासलगावच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवण्यात गेलं. कांदा भरायचा आणि पार कुठल्या कुठे पोचवायचा. आता गुडघे धरून नाशिकला मुलाकडे असतात. वीराची गोष्ट सांगताना मात्र गुडघेबिडघे विसरून ताठ बसतात.

"सरदारासंगं गेला तो घोड्यावर. हातात नंगी तलवार. हे बघ, हा वर उचललेला हात हाय ना, त्याच्यात."

हात होता हे खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि राखेने घासून घासून टाक इतका गुळगुळीत झाला होता, की एक मोठा उंचवटा, एक छोटा आणि तो वर गेलेला हात याखेरीज काही कळायचं नाही. तरी आरोहीने पहिल्या प्रकरणात ठोकून दिलं होतं, 'टाकावर अश्वारूढ योद्धा कोरलेला आहे.' तिच्या मार्गदर्शक मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "कशावरून?"

"आबा सांगतात."

"मग 'आबा सांगतात' असं लिही. टाकावर काय आहे ते वेगळं लिही."

आता पंचाईत आली. आणि ऐन त्याच वेळी तिला नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं. झिजलेली नाणी, ताम्रपट, शिक्के नव्या पद्धतीने वाचायला शिकवणारी दोन आठवड्यांची कार्यशाळा, खर्च त्यांचाच. घरात एकच धांदल उडाली. वडील शेखर आपल्या जुनाट बॅगेची चेन दुरुस्त करत बसले, आईने चिवड्याचा डबा भरला, आणि आबा देव्हाऱ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"वीराला बी घेऊन जा. एवढ्या डाव हलला देव्हाऱ्यातनं तर चालंल त्याला. तिकडं मशीन हाय म्हणती ना? अन् परक्या मुलखात कुणीतरी आपलं सोबत पाहिजे."

आरोहीला हसू आवरेना. "आबा, शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. कायदा आहे. विमानतळावर वीरालाही धरतील आणि मलाही."

"त्याला कोण धरतंय!" आबा गुरगुरले. पण देव्हाऱ्यातल्या वाटीतला अंगारा त्यांनी नातीच्या कपाळाला लावला, आणि धुळवडीच्या आत परत यायचं वचन घेतलं.

नेदरलँड्समध्ये थंडीने आरोहीचं नाक लाल झालं, पण पोरगी रमली. दिवसभर कार्यशाळा, संध्याकाळी ट्राममध्ये बसून महसूल पद्धतीवरची असाइनमेंट, खोलीवर आल्यावर मैत्रीण स्नेहलने पाठवलेल्या नोट्स. एका दुकानातल्या कांद्यांचा फोटो तिने आबांना पाठवला, तर उत्तर आलं, "बारीक हाय. अन् वाळवला बी नाय नीट." कार्यशाळेत शिकवलेली युक्ती तशी साधी होती. वस्तू आणि कॅमेरा जागचे हलवायचे नाहीत, दिवा तेवढा चारी बाजूंनी फिरवत फोटो काढत जायचं, आणि ते सगळे संगणकात एकत्र करायचे. डोळ्याला न दिसणारी रेघ तिरप्या उजेडात सावली टाकतेच. एका सपाट पडलेल्या नाण्यावर राणीचा चेहरा हळूहळू वर आला. आरोहीला त्या क्षणी घरचा वीर आठवला, आणि आबाही.

ती परतली ती होळीच्या आदल्या दिवशी. झोपेचं गणित पार बिघडलेलं, पुढच्या आठवड्यात परीक्षा, आणि प्रकरण मॅडमना द्यायचं राहिलेलं. पण धुळवडीखेरीज वीर देव्हाऱ्यातून निघणार नव्हता, म्हणून धुळवडीच्या सकाळी तिने आबांची परवानगी काढली. स्वयंपाकघराच्या खिडकीला चादर लावली, पाटावर टाक ठेवला, शेखरच्या हातात टॉर्च दिला. उज्वला पुरण वाटता वाटता म्हणाली, "चार तासांत जेवण व्हायचंय. तुमचा स्टुडिओ लवकर आवरा."

फोटो झाले. आबा बाहेर पायरीवर हलगीवाल्याची वाट बघत बसले. लॅपटॉपवर चित्र वर येऊ लागलं तशी आरोही पुढे सरकली आणि मग एकदम थबकली.

घोडा होता. देखणा, मान वाकवलेला, पाठीवर खोगीर घातलेला. खोगीर रिकामं होतं. माणूस खाली उभा होता, घोड्याच्या तोंडापाशी, डोईला मुंडासं, पाय अनवाणी. आणि तो वर उचललेला हात तलवारीचा नव्हताच. तळवा उघडा होता, घोड्याच्या ओठांशी धरलेला. तळव्यावर बारीक बारीक ठिपके होते, दाण्यांसारखे.

आरोहीने ओट्यावरच्या हरभऱ्याच्या वाटीकडे पाहिलं. इतकी वर्षं ती तिथेच होती.

शोधकर्तीला याहून मोठा आनंद कोणता! पण आरोहीची नजर आधी दाराकडे गेली. प्रबंधाला सोनं सापडलं होतं, आणि आबांचा घोडेस्वार गेला होता. तो मोतद्दार होता, दुसऱ्याचा घोडा राखणारा. ज्याच्या तलवारीच्या बळावर आबा ताठ बसायचे, तिच्या जागी मूठभर हरभरे निघाले. तिने वडिलांकडे पाहिलं. शेखर हलक्या आवाजात म्हणाले, "आज नको सांगूस. सण होऊन जाऊ दे."

तिलाही ते पटलं होतं. पण आबा दारात उभेच होते.

"दिसला का?"

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला आणि बोटाने एकेक दाखवत गेली. खोगीर. अनवाणी पाय. तळवा. दाणे. स्वतःचा आवाज तिला अपराध्यासारखा वाटत होता.

आबांनी चष्मा पुसला, परत लावला. चित्राजवळ वाकले. उज्वलाही पुरण वाटायचं सोडून मागे येऊन उभी राहिली.

"खोगीर रिकामं हाय म्हणती."

"हो, आबा. म्हणजे तो घोड्यावर..."

"मालकाचं घोडं." आबा खाली बसले आणि एकाएकी हसायला लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. "म्हंजे हा बी डायव्हरच की गं!"

मग ते शेखरकडे वळले. "शेखर, तू दरसाल विचारतो, आबा, एकदा तरी तुम्ही नाचवा वीराला. म्या गुडघ्याचं सांगतो. जवान होतो तेव्हा बी सांगायचो, तेव्हा कुठं गुडघा दुखत होता? माझ्या धाकल्या भावाच्या हातात द्यायचो, मग तुझ्या. लाज वाटायची मला. हा तलवारबहाद्दर, अन् म्या जल्मभर दुसऱ्याचं ष्टेरिंग फिरवलं. घाटात गाडी गरम झाली की आधी तिला पाणी पाजायचं, मंग आपण प्यायचं. कुठल्या तोंडानं धरू ह्याला?"

आरोही त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. आबांच्या गोष्टी तिने रेकॉर्ड केल्या होत्या, लिहून काढल्या होत्या, तळटिपा दिल्या होत्या. आबा वीर का धरत नाहीत, हे मात्र तिने कधी विचारलंच नव्हतं.

बाहेर हलगी कडाडली. शेखरने रिवाजाप्रमाणे पाटावरचा टाक उचलायला हात पुढे केला.

"थांब," आबा म्हणाले. "आण इकडं."

त्यांनी स्वतः टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवला, लाल कापडाची गाठ मारली आणि छातीशी धरून पायऱ्या उतरले. गल्ली बघत राहिली. आबांचं नाचणं म्हणजे दोन पावलं पुढे, एक मागे आणि मधे गुडघ्याला एक शिवी, पण गोदावरीवर पोचेपर्यंत वाटी त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. शेखर दोनदा पुढे झाले, दोनदा मागे हटले. आरोही फोटो काढायचे विसरून हलगीच्या मागे मागे चालत होती. रंगाने भिजलेली पोरं वाट सोडत होती.

घरी परतल्यावर नैवेद्य मांडला. आबांनी आधी हरभऱ्याची वाटी पुढे केली आणि हात जोडून थांबले. दरवर्षी ते लगेच पोळीचं ताट सरकवायचे. आज थांबले, एखादं जनावर सावकाश खात असावं आणि आपल्याला कसलीच घाई नसावी तसे. मग पुरणपोळीचं ताट टाकासमोर ठेवलं, वर तुपाची धार सोडली, आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले,

"घोड्याचं झालं. आता तू जेव, बाबा."